विश्लेषण : मुलांना क्रमांक द्यावा की पायरी? चर्चच्या तरुण संघातील पुरस्कार योजनेचा हिशेब

नाताळ जवळ आला की चर्चच्या शब्बाथ शाळांत आणि तरुण संघांत बक्षिसांचे टेबल मांडले जाते. चषक, ढाली, रंगीत कागदात गुंडाळलेली पुस्तके, कंपासपेट्या. 'सर्वाधिक वचने पाठ', 'सर्वाधिक हजेरी', 'आदर्श विद्यार्थी' अशी नावे पुकारली जातात. टाळ्या होतात, फोटो निघतात. जानेवारीत यांतली किती मुले परत येतात, हे मात्र क्वचितच कोणी मोजते.

हा प्रश्न फक्त ख्रिस्ती मुलांचा नाही. हरिपाठाची स्पर्धा, गीतापठण, कुराणपठण, बालसंस्कार वर्गाची परीक्षा, जिथे जिथे मोठी माणसे मुलांना काही चांगले शिकवू पाहतात तिथे तिथे बक्षीस येते आणि बक्षिसाबरोबर काही अडचणीही येतात. बक्षीस द्यावे का, कशाला द्यावे आणि कसे द्यावे, हे चर्चच्या तरुण संघाच्या निमित्ताने पाहू.

शिरगावसारख्या ठिकाणी हा प्रश्न वेगळा का?

मावळातले शिरगाव म्हटले की प्रतिशिर्डी आठवते, सोमाटणे फाट्यावरून आत वळणारी गुरुवारची गर्दी आठवते. देहूही इथून फार लांब नाही. तळेगाव आणि चाकणच्या औद्योगिक वसाहतींमुळे या पट्ट्यात बाहेरून आलेली अनेक कुटुंबे राहतात. त्यांतली थोडी ख्रिस्ती असतात. २०११च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे एक टक्क्याहून किंचित कमी. मुंबई, वसई, अहिल्यानगर, पुणे शहर अशा ठिकाणी ती एकवटलेली दिसते. मावळच्या गावांत ती विखुरलेली.

त्यामुळे अशा भागात एखाद्या मंडळीचा तरुण संघ किंवा मुलांचा गट म्हणजे फार तर दहा-पंधरा मुले, असे धरून चालू. त्यात तिसरीतली मुलगी आणि दहावीतला मुलगा एकाच खोलीत बसतात. एकाच्या घरी मराठी, दुसऱ्याच्या घरी तमिळ, तिसऱ्याच्या घरी हिंदी. बहुतेक जण इंग्रजी माध्यमात. शंभर मुलांच्या शहरी शब्बाथ शाळेचा साचा इथे जसाच्या तसा आणला, तर तो बसत नाही. पुरस्कार योजनेचे गुणदोष अशा छोट्या गटात लवकर उघडे पडतात.

बिल्ल्याची पद्धत आली कुठून?

जिल्हा परिषदेच्या शाळेतला स्काऊटचा स्कार्फ आणि बाहीवरचे बिल्ले आपल्या ओळखीचे आहेत. त्यांच्या मुळाशी एक चर्चचा मुलांचा गटच आहे, हे कमी जणांना ठाऊक असते. विल्यम स्मिथ हे ग्लासगोमधल्या एका संडे स्कूलमध्ये शिकवत. मोठी होऊ लागलेली मुले कंटाळतात, वर्गात गोंधळ घालतात आणि मग यायचीच बंद होतात, ही त्यांची अडचण होती. ४ ऑक्टोबर १८८३ रोजी त्यांनी 'बॉईज ब्रिगेड' सुरू केली. कवायत, खेळ, शिबिर आणि त्याच्या जोडीला बायबलचा अभ्यास अशी ती रचना होती.

याच संघटनेशी पुढे बेडन-पॉवेल यांचा संबंध आला. ऑगस्ट १९०७मध्ये त्यांनी ब्राउनसी बेटावर सुमारे २० मुलांचे प्रायोगिक शिबिर घेतले, त्यात बॉईज ब्रिगेडची मुलेही होती. १९०८मध्ये त्यांचे स्काऊटिंगवरचे पुस्तक आले आणि ही चळवळ जगभर पसरली. भारतात वेगवेगळ्या स्काऊट संघटना होत्या. ७ नोव्हेंबर १९५० रोजी त्या एकत्र येऊन 'भारत स्काऊट्स' हे रूप आले आणि पुढच्या वर्षी गाईड्सही त्यात आल्या.

या चळवळीने रुजवलेली महत्त्वाची गोष्ट म्हणजे पायऱ्यांची रचना. प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान, मग राज्य पुरस्कार आणि राष्ट्रपती पुरस्कार. सोपान म्हणजे पायरीच. गाठी मारता येतात का, प्रथमोपचार येतो का, दिशा ओळखता येते का, हे तपासले जाते. आले की बिल्ला मिळतो. शेजारच्या मुलाला तुमच्याआधी आले की नंतर, याचा त्याच्याशी संबंध नसतो.

पुण्याजवळचे उदाहरण कोणते?

चर्चच्या चौकटीत हीच रचना पाहायची असेल तर सातव्या दिवसाच्या ॲडव्हेंटिस्ट पंथाचा 'पाथफाइंडर' हा उपक्रम जवळचा आहे. या पंथाचे पुण्याशी जुने नाते आहे. १९१५मध्ये कोइमतूरला सुरू झालेली त्यांची शिक्षणसंस्था बंगळूरमार्गे १९४२मध्ये पुण्यात आली. औंधचे 'स्पायसर' ते हेच. पाथफाइंडर उपक्रमाला या पंथाने १९५०मध्ये जागतिक पातळीवर मान्यता दिली.

त्यात साधारण दहा ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठी वयाप्रमाणे सहा वर्ग आहेत : फ्रेंड, कम्पॅनियन, एक्स्प्लोरर, रेंजर, व्हॉयेजर आणि गाईड. प्रत्येक वर्गात बायबलच्या अभ्यासासोबत सेवा, आरोग्य, निसर्ग, शिबिर यांची ठरलेली कामे असतात. शिवाय पक्षी, तारे, स्वयंपाक, प्रथमोपचार अशा विषयांचे वेगळे बिल्ले. कामे पूर्ण केलेल्या सगळ्यांना एका समारंभात मानचिन्हे लावली जातात. पहिला, दुसरा, तिसरा असा क्रम तिथे लागत नाही.

इथे पंथाची शिकवण पटते की नाही हा मुद्दा नाही. घ्यायची आहे ती रचना. मुलाने काय करून दाखवायचे हे आधीच लिहिलेले असते आणि जो करून दाखवेल त्याला ते मिळते.

क्रमांक आणि पायरी यांत फरक काय?

साधा हिशेब करू. गटात १२ मुले आहेत. वचन पाठांतराची स्पर्धा घेतली, तीन क्रमांक काढले. तीन मुले खूश, नऊ रिकाम्या हाताने घरी. पुढच्या वर्षी पुन्हा स्पर्धा. गट तोच, मुले तीच, त्यामुळे बहुधा क्रमांकही तेच. दोन वर्षांत नऊ मुलांना कळून चुकते की हा खेळ आपल्यासाठी नाही. उत्तेजनार्थ बक्षीस ठेवले तरी मुलांना त्याचा अर्थ बरोबर समजतो.

शिवाय हे क्रमांक नेमके काय मोजतात? मराठी बायबलमधले वचन पाठ करायचे असेल तर ज्या घरी मराठी वाचली जाते, त्या घरचे मूल पुढे असते. देवनागरी अडखळत वाचणाऱ्या मुलाला एका वचनाला दुप्पट वेळ लागतो. दहावीतल्या मुलाची स्मरणशक्ती आणि तिसरीतल्या मुलीची स्मरणशक्ती एका तराजूत घातली जाते. म्हणजे चषक मिळतो तो घरच्या भाषेला आणि वयाला. मुलाची मेहनत त्यात दिसतच नाही.

पायरीच्या पद्धतीत तिसरीतली मुलगी तीन वचने अर्थासह सांगते, दहावीतला मुलगा एक अख्खा अध्याय समजावून सांगतो. दोघेही आपापल्या पायरीवर चढतात. बाराच्या बारा मुलांना बिल्ला मिळाला तर त्याची किंमत कमी होत नाही. सायकल सगळ्यांना चालवता येते म्हणून सायकल शिकल्याचा आनंद कमी होत नाही, तसेच हे.

बक्षिसाने गोडी वाढते की आटते?

यावर मानसशास्त्रात बराच अभ्यास झाला आहे. १९७३मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत ५१ मुलांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. तीन ते पाच वर्षांच्या या मुलांना मुळातच रंगीत पेनांनी चित्रे काढायला आवडत असे. काहींना आधी सांगितले, की चित्र काढलेत तर सोनेरी शिक्का आणि फीत लावलेले प्रमाणपत्र मिळेल. काहींना काहीच न सांगता नंतर अचानक तेच प्रमाणपत्र दिले. काहींना काहीच दिले नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात पाहिले, तर बक्षीस आधी कबूल केलेली मुले सुमारे ९ टक्के वेळ चित्रे काढत होती. अचानक बक्षीस मिळालेली १८ टक्के आणि काहीच न मिळालेली १७ टक्के वेळ. म्हणजे आवडीच्या कामाला आमिष लावले आणि आवड निम्म्यावर आली.

याचा अर्थ प्रत्येक बक्षीस वाईट, असा नाही. संशोधकांत यावरून पुढे मोठे वाद झाले. १९९९मध्ये डेसी, कोस्टनर आणि रायन यांनी १२८ प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला. आधी कबूल केलेल्या वस्तुरूप बक्षिसांनी आवडीच्या कामातली गोडी घटते, शाबासकीने मात्र साधारणपणे वाढते, असे त्यातून दिसले. मुळात कंटाळवाण्या वाटणाऱ्या कामात बक्षिसाने तसे नुकसान दिसत नाही, म्हणून नव्या कामाची सुरुवात करून द्यायला छोटे बक्षीस चालू शकते. शाबासकी कशाची द्यायची, हेही महत्त्वाचे. १९९८मध्ये म्युलर आणि ड्वेक यांनी दाखवले, की 'तू हुशार आहेस' असे ऐकलेली मुले पुढच्या अपयशाने अधिक खचली. 'तू मेहनत घेतलीस' असे ऐकलेली मुले टिकून राहिली.

साहित्याने हे त्याआधीच ओळखले होते. मार्क ट्वेन यांच्या १८७६च्या 'टॉम सॉयर' कादंबरीत संडे स्कूलमध्ये वचने पाठ केली की रंगीत चिठ्ठ्या मिळतात आणि पुरेशा चिठ्ठ्या जमल्या की बायबल बक्षीस मिळते. टॉम तेवढी वचने पाठ न करता मित्रांकडून चिठ्ठ्यांची देवाणघेवाण करतो आणि बक्षीस घ्यायला पुढे जातो. मग त्याला येशूच्या पहिल्या दोन शिष्यांची नावे विचारतात, तेव्हा तो भलतीच नावे सांगतो. दीडशे वर्षे झाली, पण चिठ्ठी महत्त्वाची ठरली की वचन मागे पडते, हा अनुभव जुना झालेला नाही.

हजेरीचे बक्षीस कोणाला मिळते?

अनेक गटांत सर्वांत सोपे बक्षीस म्हणून हजेरीचे बक्षीस ठेवले जाते. वर्षात ५२ रविवार. ७५ टक्क्यांची अट घातली तर ३९ रविवार यावे लागते. आठ वर्षांचे मूल एकटे येत नाही, त्याला कोणीतरी आणावे लागते. वडिलांना कारखान्यात रविवारची पाळी लागली, आईला घरकामाच्या ठिकाणी सुट्टी नसली, धाकटे भावंड आजारी पडले, दोन आठवडे गावी जावे लागले, की मूल मागे पडते. हे बक्षीस प्रत्यक्षात आईवडिलांच्या सवडीला मिळते आणि शिक्षा मुलाला होते. ज्या मुलाला गटाची सर्वांत जास्त गरज आहे, नेमके तेच अशा यादीतून गळते.

हजेरी मोजू नये असे नाही. ती जरूर मोजावी, पण ती मोठ्यांसाठी. एखादे मूल सलग तीन रविवार दिसले नाही तर त्याच्या घरी जाऊन चौकशी करायची, यासाठी हजेरीपट असतो.

श्रद्धेला गुण देता येतात का?

इथे ख्रिस्ती गटाला स्वतःच्याच ग्रंथाकडे पाहावे लागेल. मत्तयच्या शुभवर्तमानात, सहाव्या अध्यायात, लोकांनी पाहावे म्हणून चव्हाट्यावर प्रार्थना करणाऱ्यांवर येशूने टीका केली आहे. मोठ्याने प्रार्थना केली की पाच गुण, असा तक्ता भिंतीवर लावला तर आपण मुलांना तेच शिकवतो. त्याच शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायात द्राक्षमळ्याच्या मालकाचा दाखला आहे. सकाळपासून राबलेल्याला आणि शेवटच्या तासाला आलेल्याला तो सारखीच मजुरी देतो आणि लवकर आलेले कुरकुर करतात. हा दाखला मुलांना शिकवायचा आणि शेवटी 'सर्वाधिक गुण' म्हणून चषक द्यायचा, यातली विसंगती मुलांच्या लक्षात येते.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. प्रार्थना, भक्ती, पश्चात्ताप, 'आदर्श वागणूक' यांना गुणही नकोत आणि बिल्लाही नको. बिल्ला द्यायचा तो शिकलेल्या आणि दिसणाऱ्या कामाला. वचनाचा अर्थ सांगता येणे हे शिकलेले काम आहे. श्रद्धा किती खरी, हे मोजण्याचा अधिकार कोणत्याही शिक्षकाला नाही.

शेजारच्या घरची मुले आली तर?

गावात मुले खेळायला एकत्र असतात, त्यामुळे ख्रिस्ती नसलेले मूलही मित्राबरोबर गटात येते. इथे बक्षिसाला आणखी एक बाजू फुटते. राज्यघटनेच्या अनुच्छेद २५ने धर्म पाळण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे. पण प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७मध्ये रेव्हरंड स्टॅनिस्लॉस प्रकरणात स्पष्ट केले. कायद्याचा मुद्दा बाजूला ठेवला तरी, सायकल किंवा मोबाइलसारखी बक्षिसे ठेवून दुसऱ्याच्या मुलाला आपल्या उपासनेत बसवणे हे शेजारधर्माला धरून नाही. त्यातून संशय वाढतो आणि त्याचा ताण शेवटी मुलांच्या मैत्रीवर येतो.

उपाय साधे आहेत. कोणत्याही मुलाला गटात घेण्याआधी इथे काय शिकवले जाते ते पालकांना सांगून त्यांची लेखी संमती घ्यावी. प्रथमोपचार, निसर्ग, सेवा यांचे बिल्ले बायबलच्या अभ्यासाशी बांधू नयेत. बक्षिसाची बाजारातली किंमत इतकी कमी असावी, की केवळ त्यासाठी कोणी येणार नाही. हेच नियम उलट दिशेनेही हवेत. हरिपाठाच्या स्पर्धेत ख्रिस्ती घरचे मूल हौसेने उतरले तर त्याच्या आईवडिलांनाही तितक्याच मोकळेपणाने विचारलेले आवडेल.

मग मुलांना स्पर्धा नकोच का?

'जग स्पर्धेचे आहे, मुलांना हरायलाही शिकवले पाहिजे,' हा आक्षेप खरा आहे. पण आजच्या मुलाला हरण्याच्या संधी कमी आहेत का? घटक चाचणी, शिष्यवृत्ती परीक्षा, शिकवणीच्या चाचण्या, क्रीडा दिन, सगळीकडे क्रमांकच आहेत. आठवड्यातले दीड-दोन तास तरी मुलाला क्रमांकाविना मिळावेत. रस्सीखेच, कबड्डी, अंताक्षरी गटात जरूर व्हावी. तिथे हरले तरी दहा मिनिटांत विसरता येते. 'आदर्श मूल' या स्पर्धेत हरलेले मूल ते विसरत नाही.

'बक्षीस नसेल तर मुले येणारच नाहीत,' हा दुसरा आक्षेप. मुलांना मित्र, खेळ, सहल आणि आपले नाव घेऊन विचारपूस करणारे मोठे माणूस हवे असते. हे चारही नसतील तर चषकाने गट फार दिवस टिकत नाही.

शिरगावात योजना कशी आखता येईल?

वर्षाच्या चार पायऱ्या ठेवाव्यात, साधारण तीन महिन्यांना एक. प्रत्येक पायरीत चार कामे असावीत : एक शिकण्याचे, एक हाताने करण्याचे, एक सेवेचे आणि एक सगळ्यांनी मिळून करण्याचे. वयाचे तीन गट करावेत आणि कामे परिसरातली निवडावीत. पावसाळ्यात भातलावणी पाहून इंद्रायणी भात शेतापासून ताटापर्यंत कसा येतो ते लिहून काढणे. पवनेच्या काठावरचे किंवा घोरवडेश्वरच्या डोंगरावरचे दहा पक्षी ओळखणे. पुणे-लोणावळा लोकलचे वेळापत्रक वाचून मोठ्यांसोबत एक प्रवास आखणे. भाजलेल्या जखमेवर काय करावे आणि काय करू नये, हे करून दाखवणे. एकट्या राहणाऱ्या आजीआजोबांना महिनाभर दर आठवड्याला भेटणे आणि त्यांच्या लहानपणाची एक गोष्ट मराठीत लिहून आणणे. स्काऊटमधल्या 'खरी कमाई'सारखे काम करून मिळालेले पैसे कशासाठी वापरायचे, ते मुलांनीच ठरवणे.

तपासणी गटाच्या ताईने किंवा दादाने एकट्याने करू नये. प्रथमोपचार परिचारिकेने तपासावा, भाताचे टिपण शेतकऱ्याने वाचावे, मराठी लेखन निवृत्त शिक्षकांनी पाहावे. त्यांतले कोणी ख्रिस्ती नसले तर उत्तमच. मुलाची तयारी झाली की त्याने स्वतः येऊन 'माझे काम पाहा' म्हणावे. जमले नाही तर 'नापास' हा शब्द वापरू नये. 'अजून नाही' म्हणावे आणि पुढची तारीख द्यावी.

खर्च फार नाही. १२ मुले आणि वर्षाला चार बिल्ले म्हणजे ४८ बिल्ले. एका कापडी बिल्ल्याला ४० रुपये धरले तर १,९२० रुपये होतात. एवढ्यात वर्षभर प्रत्येक मुलाच्या हाती काहीतरी येते. खरा खर्च वेळेचा आहे. प्रत्येक मुलाचे काम कोणीतरी बसून पाहावे लागते, आणि मुलाला बहुधा तेच सर्वांत जास्त हवे असते.

सुरक्षिततेचे नियम लिहून भिंतीवर लावावेत. तपासणी उघड्या दाराच्या खोलीत, दोन मोठी माणसे हजर असताना व्हावी. २०१२च्या पॉक्सो कायद्यानुसार लैंगिक अत्याचाराची माहिती असूनही ती पोलिसांना न कळवणे हा गुन्हा आहे. गटाचे प्रमुख, पाळक, स्वयंसेवक यांपैकी कोणीही त्याला अपवाद नाही. बिल्ला घेतानाचे मुलांचे फोटो पालकांच्या परवानगीशिवाय व्हॉट्सॲपवर टाकू नयेत.

योजना यशस्वी झाली हे कसे ओळखायचे?

समारंभाला किती टाळ्या पडल्या यावरून ते कळत नाही. जानेवारीत मोजावे. बिल्ला मिळालेल्यांपैकी किती मुले परत आली? ज्याला 'अजून नाही' सांगितले होते, ते मूल परत आले का? आजीला भेटण्याचा बिल्ला मिळून गेल्यावरही कोणी तिच्याकडे जाते का? उत्तर 'हो' आले तर योजना चालू ठेवावी. 'नाही' आले तर पुढच्या नाताळाच्या टेबलावर चषक वाढवू नयेत, वर्षभर मुलांसोबत बसणारी मोठी माणसे वाढवावीत.